शून्याचं तिकीट

खैरडोह
१४ मे २०२५

प्रिय धर्मपाल,
सप्रेम जयभीम.

परवा बुद्धपौर्णिमेला तू येशील म्हणून मी खीर अंमळ जास्तच केली होती. तू आला नाहीस. ती किसनसिंग कंडक्टरने आणि त्याच्या ड्रायव्हरने संपवली, कारण सोमवारी मुक्कामी गाडीला जेवण द्यायची पाळी माझी असते. तू लहान असताना पाळीचा तो कागद ग्रामपंचायतीच्या दारावर लावलेला असायचा, अजूनही तिथेच आहे. रोज एक घर. गाडी रात्री गावात मुक्कामाला येते, ते दोघे जेवतात, झोपतात आणि सकाळी सव्वासहाला गाडी तालुक्याला निघते. खैरडोहला जगाशी जोडणारी दोरी तेवढीच, तेव्हा तिला दोन भाकऱ्या घालायला कोणी कुरकुरत नाही.

तुझी सुनबाई म्हणत होती, आत्या फोन का करत नाहीत. तिला सांग, फोन लागावा म्हणून मला शेजारच्या उकंडाच्या गच्चीवर चढावं लागतं आणि खाली अर्धं गाव कान देऊन बसतं. शिवाय तू होस्टेलला यवतमाळला गेलास तेव्हापासून मी कंडक्टरच्या हाती पत्र देत आलेय. धाकटा भाऊ छप्पन्न वर्षांचा झाला म्हणून मी सवय मोडणार नाही.

आता तक्रार ऐक. सहा तारखेच्या मंगळवारी डोळे दाखवायला गेले होते. डोळ्यांचे डॉक्टर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारीच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात येतात. साडेसातला रांगेत बसले, नंबर लागला दीडला. सहा तास! मोतीबिंदू आहे, दुसरं काही नाही. महिनाभर थेंब घालून ३ जूनला या, मग मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देतो म्हणाले. मग परतीला बसस्टँडवर आणखी दीड तास. माझं आयुष्य वर्गात उभं राहण्यात गेलं, पण वर्गात निदान मी बोलत तरी असे. तू डेपोत वेळापत्रकाच्या टेबलावर बसतोस ना? मग त्या स्टँडवरचं ताटकळणं कमी करून दाखव, तर मी तुला मानीन.

आम्ही म्हाताऱ्यांनी मात्र वेळ वाचवायची युक्ती तुझ्या आधीच काढली आहे. सकाळच्या गाडीत आमचीच भरती. पंचाहत्तरीच्या वर तिकीट माफ, तरी मशीनमधून शून्याचं तिकीट काढायचं, त्यासाठी आधार कार्ड दाखवायचं, ते पिशवीच्या तळाशी शोधायचं. मी किसनसिंगला म्हटलं, फुकटाच्या तिकिटाला कागद कशाला वाया घालवतोस? त्यालाही पटलं. म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमाले कायले तरास देऊ? मी वळखतो ना साऱ्याइले." तेव्हापासून, वर्ष होत आलं, आमची गाडी पाच मिनिटं आधी फाट्याला पोचते.

आषाढ पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचं तीन महिन्यांचं ग्रंथवाचन आहे. सलग सतराव्या वर्षीही वाचायचं मलाच आहे. त्याआधी डोळे ठीक करून घेते.

तुझी,
ताई


डेपो क्वार्टर्स
३० मे २०२५

आदरणीय ताई,
जयभीम.

खिरीबद्दल माफी. त्या दिवशी राजूरला साडूकडे जावं लागलं.

तुझं पत्र फारच वेळेवर आलं. आमच्याकडे सध्या प्रवाशांचा थांबण्याचा वेळ कमी करायची मोहीम चालू आहे. बैठकीत साहेबांनी विचारलं, तालुक्याच्या स्टँडवर लोक किती थांबतात? मी तुझं नाव न घेता तुझा दीड तास सांगितला. १ जूनपासून तिथून आपल्या फाट्यावरून जाणाऱ्या मुख्य मार्गावर जास्तीच्या फेऱ्या सुरू होतायत. आता पंचवीस मिनिटांवर कोणाला थांबावं लागणार नाही. मान मला आता!

गाड्या मात्र नवीन मिळालेल्या नाहीत, त्यामुळे आहेत त्यातूनच भागवावं लागतंय. काही गावांचे मुक्काम बंद होतील. वरूनच ठरलंय. खैरडोहलाही थोडा फरक पडेल, पण साडेअकराची गाडी राहणारच आहे, काळजी करू नकोस. तुला महिन्यातून एक-दोनदाच जायचं असतं.

मोतीबिंदूचं ऐकून बरं वाटलं, म्हणजे दुसरं काही नाही याचं. सुनबाईच्या आईचं मारेगावच्या शिबिरात ऑपरेशन झालं, ती आता सुईत दोरा ओवते.

तुझा,
धर्मपाल


खैरडोह
८ जून २०२५

प्रिय धर्मपाल,
जयभीम.

हे पत्र पोस्टाने येतंय, कारण ज्याच्या हाती द्यायचं तो किसनसिंग आता तुझ्या त्या पंचवीस मिनिटांच्या मार्गावर आहे. "थोडा फरक" म्हणालास. सकाळची गाडीच गेली की रे!

३ जूनला काय झालं ते सांगते. पहाटेच येऊन चौकात बसलो. मी, उकंडा, आणखी बाराजण. ऑटोवाला म्हणाला, दहा सीटा भरल्याशिवाय हलत नाही. दहा भरल्या तर म्हणे पोरगा डिझेल आणायला गेला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा घड्याळात नऊ पन्नास झाले होते आणि नोंदणीची खिडकी साडेनऊला बंद झाली होती. हा नवा नियम. मे महिन्यात खिडकी बारापर्यंत उघडी असायची, सहा तास बसावं लागे, पण बसलेल्या प्रत्येकाला डॉक्टर बघून जात. आता साडेनऊपर्यंत आलेल्यांनाच टोकन, बाकीच्यांना पुढची तारीख. भिंतीवर फळा लावलाय, "आजचा सरासरी प्रतीक्षा वेळ ४० मिनिटे". मी खिडकीतल्या मुलीला म्हटलं, बाई, मी पहाटे पाचपासून थांबलेय, हे कुठे लिहिणार? ती म्हणाली, "आजी, तुमी इथं आल्यापासून मोजतेत." मुलगी वाईट नव्हती, तिने पाणी दिलं. मला १ जुलैची तारीख मिळाली.

आता माझं एक काम कर. ही गाडी बंद करणारा शहाणा कोण आहे ते शोधून काढ. भरलेली गाडी बंद करतो म्हणजे त्याला बेरीज येत नसणार. माझ्याकडे पाठवून दे, दुसरीच्या वर्गापासून सुरुवात करू.

तू मनाला लावून घेऊ नकोस. मोतीबिंदू कुठे पळून जात नाही, पिकू दे महिनाभर.

ताई


डेपो क्वार्टर्स
१६ जून २०२५

आदरणीय ताई,
जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ऑटोवाल्याचं वाचून वाईट वाटलं. १ जुलैला मीच गाडी करून आलो असतो, पण पावसाळी तपासणीची ड्युटी लागली आहे, जुलैअखेरपर्यंत रजा बंद आहेत.

एक गोष्ट मात्र मला समजत नाही. तू "भरलेली गाडी" म्हणतेस. कागदावर तसं नाही. तिकीट मशीनमधून सहा महिन्यांची आकडेवारी निघाली, त्यात खैरडोहच्या सव्वासहाच्या गाडीला सरासरी तीन प्रवासी आहेत. तीन, ताई. ज्याने गाडी काढली त्याने आकडे बघूनच काढली असणार ना? तिकडे स्टँडवर दीडशे माणसं उभी आणि इकडे तीन माणसांसाठी अख्खी गाडी रात्रभर उभी. त्याच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?

तुला राग येईल, पण विचारतो. खरंच रोज इतकी माणसं जात होती का, की आपल्या गावाच्या मायेपोटी तू म्हणतेस?

धर्मपाल


खैरडोह
२१ जून २०२५

धर्मपाल,

तीन आकडा वाचला आणि ओट्यावर बसून एकेकाचं नाव घेत बोटांवर मोजलं.

त्या गाडीत रोज बारा-पंधरा माणसं असायची. त्यातले तिघेच पंचाहत्तरीच्या आतले, ते पैसे देऊन तिकीट घेत. बाकी आम्ही. आमची तिकिटं निघतच नव्हती. मेच्या पत्रात मी तुला ही गंमत म्हणून लिहिली होती. तू वाचलीस आणि तुझ्याही लक्षात आलं नाही.

चूक माझी आहे. किसनसिंगला मी सांगितलं, तेही शहाणपणा मिरवत. चाळीस वर्षं पोरांची हजेरी घेतली मी. एक दिवस हजेरी चुकवू नका म्हणून पोरांना ओरडले. आणि पूर्ण गावाची हजेरी मीच बुडवली.

तू त्या माणसाला हे सांग. म्हणावं, तुझी बेरीज बरोबर होती, आमचीच चुकली. एवढं सांगितलं तर गाडी परत सुरू करेल ना तो? किसनसिंगचं नाव मात्र यात कुठे येऊ देऊ नकोस.

ताई


डेपो क्वार्टर्स
२७ जून २०२५

ताई,

जयभीम लिहायलाही लाज वाटते.

तो शहाणा मी आहे. प्रस्ताव माझ्या टेबलावर तयार झाला, खाली सही माझी आहे. वरून काही आलं नव्हतं. वरून एवढंच आलं होतं की थांबण्याचा वेळ कमी करा. कोणाची गाडी काढायची ते मी ठरवलं. यादीत खैरडोहचं नाव आलं तेव्हा पेन थांबला होता, खोटं नाही सांगत. पण मनात आलं, आपलं गाव म्हणून सोडलं तर लोक म्हणतील बघा, आपल्यांना वाचवतो. आणि समोर तीन आकडा होता. मला वाटलं मी फार न्यायाने वागतोय.

आता ऐक. गाडी परत आणायचा एकच जलद मार्ग आहे. मी लिहून द्यायचं की आकडेवारी चुकीची होती, कारण शून्याची तिकिटं काढली गेली नाहीत. फाइल आठ दिवसांत फिरेल. पण तिकीट शून्याचं असो की शंभराचं, ते न काढणं हा कंडक्टरचा गुन्हा आहे. त्या गाडीवर कंडक्टर एकच होता. मी नाव लिहिलं नाही तरी बोट त्याच्याकडेच जाणार. पहिल्यांदा निलंबन, मग चौकशी. त्याच्या निवृत्तीला वीस महिने राहिलेत.

दुसरा मार्ग म्हणजे गावाचा अर्ज, मग पाहणी, मग मंजुरी. त्याला दिवाळी उजाडेल.

तू सांग काय करू. तू "लिही" म्हणालीस तर आज लिहितो. माझ्याने ठरवणं होत नाही. ठरवायचं होतं तेव्हा मी झटक्यात ठरवलं.

धर्मपाल


खैरडोह
१८ जुलै २०२५

प्रिय धर्मपाल,
जयभीम.

नाही लिहायचं.

उत्तराला उशीर झाला. तुझ्यावर राग होता का? होता. दहा दिवस होता. मग एकदा अंगणात बसले असताना आठवलं, तू चौथीत असताना बोरं वाटताना आपल्यांना जास्त दिली असं कोणी म्हणू नये म्हणून भावकीतल्या पोराला कमी दिली होतीस आणि स्वतःही मोजून कमी घेतली होतीस. त्यावर मी तुला शाबासकी दिली होती. तुला असा घडवला कोणी? मीच. मग राग कोणावर काढू?

किसनसिंग मधे येऊन गेला. त्याला कोणीतरी सांगितलंच. दारातच बसला, आत येईना. म्हणाला, "बाई, मी सोता जाऊन सांगतो सायबाले. माह्यामुळं तुमची गाडी गेली." मी त्याला चहा पाजला आणि शपथ घातली. माझ्या शब्दावर त्याने तिकिटं काढली नाहीत. त्याची भाकर काढून घेऊन मी त्या गाडीत कशी बसू? तू गावाचा अर्ज पुढे सरकव. मी पहिली सही केली आहे, उकंडाने दुसरी.

दवाखान्याचं म्हणशील तर १ जुलैसाठी आदल्या दिवशीच कांताबाईकडे तालुक्याला राहायला गेले. आठवते ना, माझ्याबरोबर शिक्षिका होती ती. आठ वाजता मी खिडकीत पहिली! टोकन मिळालं. पण डॉक्टर त्या दिवशी शिबिराला गेले होते. मग १५ जुलैला गेले, पुन्हा कांताबाईकडे राहून, पुन्हा वेळेवर. तर खिडकीतली मुलगी म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये तुमची १ जुलैची भेट "झाली" असं दिसतंय, पुढची तारीख ५ ऑगस्ट. मी म्हटलं, कुठे झाली? ती म्हणाली, टोकन दिलं की झाली. मी भांडले नाही. भांडायला समोर माणूस लागतो, आणि त्या मुलीच्या हातात काही नव्हतं. येताना पंचवीस मिनिटांत गाडी मिळाली, तुझी.

वर्षावासाचं वाचन सुरू झालं. पहिले चार दिवस मी वाचलं, आता निकिताला वाचायला दिलंय. आपल्या गावची आशा सेविका, उकंडाची सून. नव्या लोकांनीही पुढे यावं. आवाज चांगला आहे तिचा.

ओळी वरखाली झाल्या असतील, अंगणातल्या खाटेवर बसून लिहितेय.

ताई


डेपो क्वार्टर्स
३० जुलै २०२५

आदरणीय ताई,
जयभीम.

तुझं पत्र वाचून छातीवरचं ओझं उतरलं. तू बोरांची आठवण काढलीस तिथे मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

गावाचा अर्ज मी हातोहात पुढे नेला आहे. पाहणी सप्टेंबरमध्ये होईल. साडेअकराच्या गाडीत तीन दिवस प्रवासी मोजतील. त्या तीन दिवसांत झाडून सगळ्यांनी बसा, आणि काहीही झालं तरी तिकीट घ्या.

निकिताला वाचायला दिलंस हे फार बरं केलंस. मी कधीचा म्हणतोय, तू आता विश्रांती घे. मागच्या पत्रात ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, दोन ठिकाणी तर एकाच ओळीवर दुसरी लिहिली होतीस. मी सुनबाईला दाखवलं आणि हसलो, म्हटलं, ज्या ताईने मला समासाची रेघ सोडली म्हणून पट्टी मारली ती बघा! खाट सोड आणि टेबलावर लिही.

५ ऑगस्टला येऊ का? मोतीबिंदूच आहे म्हणून विचारतो. इथे पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाची गडबड आहे. थांबण्याचा वेळ कमी केल्याबद्दल आमच्या शाखेला प्रशस्तिपत्र मिळणार आहे, ते घ्यायला मला जावं लागेल. नको म्हणता येत नाही. तुला हे सांगू की नको असं झालं होतं.

धर्मपाल


खैरडोह
६ ऑगस्ट २०२५

आदरणीय धर्मपालभाऊ,
जयभीम.

मी निकिता, उकंडा यांची सून. बाईंनी तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला बजावलं होतं. पण काल मी त्यांच्यासोबत दवाखान्यात होते आणि आज मला राहवत नाही.

बाईंना मोतीबिंदू नाही. त्यांच्या मे महिन्याच्या कागदावरच काचबिंदू लिहिलेलं आहे. मोतीबिंदू थांबला तर चालतो. काचबिंदू थांबत नाही, गेलेली नजर परत येत नाही, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं आहे. बाईंना डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही रजा टाकून धावत याल, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तुमचं नाव खराब होईल, म्हणून त्यांनी तुम्हाला दुसरं नाव सांगितलं. आम्हाला सर्वांना तेच सांगितलं. थेंबाची बाटलीही जूनमध्ये संपली होती. नवीन बाटली चिठ्ठीशिवाय मिळत नव्हती आणि चिठ्ठी डॉक्टर भेटल्याशिवाय नव्हती.

वाचनाचंही खरं सांगते. पाचव्या दिवशी बाई पान उघडून बसल्या आणि वाचतच राहिल्या, पण पुस्तकात ते नव्हतं. सतरा वर्षांचं पाठ होतं ते म्हणत होत्या. पान उलटायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. बायकांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

काल नंबर वीस मिनिटांत लागला. फळ्यावर बावीस लिहिलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, मग परत पाहिलं. म्हणाले, "आजी, एवढे दिवस थांबल्या काहून?" बाई म्हणाल्या, "मी थांबली नाही जी, मी येतच होती."

भाऊ, तुम्ही या. उजव्या डोळ्याने त्यांना आता काहीच दिसत नाही.

आपली,
निकिता


डेपो क्वार्टर्स
२४ ऑगस्ट २०२५

ताई,

हे पत्र निकिता तुला वाचून दाखवेल हे माहीत असून लिहितोय. निकिताताई, वाचताना काही गाळू नका.

तुला यवतमाळला नेऊन आल्यापासून मला झोप नाही. तिथल्या डॉक्टरांनी तुझं ऑपरेशन केलं, डाव्या डोळ्यात जी कड उरली आहे तेवढी टिकेल म्हणाले. टिकेल. वाढणार नाही. जूनमध्ये आणलं असतं तर, असं मी विचारलं. त्यांनी तुझा तपासणीचा कागद पुढे केला. तू स्ट्रेचरवरून म्हणालीस, "धर्मपाल, सायबाइले सतावू नको."

तू माझं नाव जपायला खोटं बोललीस आणि मी माझं नाव जपायला तुझी गाडी काढली. ओळी एकमेकींवर चढलेलं ते पत्र माझ्या खिशात आहे. मी त्यावर हसलो होतो. पंधरा ऑगस्टला प्रशस्तिपत्र घेतलं नाही, तर त्यांनी घरी पाठवलं. सुनबाईने ते कपाटावर पालथं ठेवलं आहे.

मी साहेबांपुढे उभा राहिलो, म्हटलं, माझी चूक झाली, लिहून घ्या. ते म्हणाले, यात चूक कुठे आहे? आकडे बरोबर आहेत. खरंच, ताई, मी तीन दिवस फाइल चाळतोय, मला कागदावर माझी चूक सापडत नाही. किसनसिंगला वाचवायचं तर ती सापडूही द्यायची नाही. मग मी शिक्षा कुठे मागू?

मला ओरड तरी. दोन ओळी ओरडून पाठव.

धर्मपाल


खैरडोह
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय धर्मपाल,
जयभीम.

मी सांगतेय, निकिता लिहितेय. तिला म्हटलं, जसं बोलते तसंच लिही, सुधारू नको.

तुला ओरडायचं फार मनावर घेतलं, पण जमेना. तू बघ, दुसरीच्या वर्गात चुकलेल्या पोराला ओरडता येतं, कारण पाटी पुसून पुन्हा लिहिता येतं. आपल्या पाटीवर ते होत नाही. मला वाईट वाटतं का? वाटतं. सकाळी उठून कोपऱ्यातलं पुस्तक चाचपते आणि रडू येतं. ते मी तुझ्यापासून लपवणार नाही, लपवून काय झालं ते आपण पाहिलं.

आता गाडीचं. पाहणीच्या तीन दिवसांत पूर्ण गाव साडेअकराच्या गाडीत बसलं. मारोतरावांनी फवारणी सोडली. १ ऑक्टोबरपासून आपली मुक्कामी गाडी परत आली. तुला कागदावरून कळलंच असेल की तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर आहे आणि रोज सरासरी बारा प्रवासी मशीनमध्ये दिसले पाहिजेत, नाहीतर पुन्हा बंद. कंडक्टर नवीन आहे, रजत नावाचा. चांगला आहे. एक तिकीट सोडत नाही.

पण रोज बारा माणसांना तालुक्याला काम कुठून असणार? कधी सात असतात, कधी पाच. म्हणून ग्रामपंचायतीच्या दारावरच्या जेवणाच्या पाळीच्या कागदाखाली आम्ही दुसरा कागद लावला. बसायची पाळी. ज्याची पाळी त्याने सव्वासहाला गाडीत बसायचं, आधार दाखवायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं आणि फाट्यावर उतरायचं. सात किलोमीटर. परतीला साडेअकराची गाडी. तोवर बाभळीखाली बसायचं. पाच तास. उकंडा सोबत पत्ते नेतो. मी नुसती बसते. माझी पाळी सोमवारी, जेवणाची आणि बसायची दोन्ही.

काल माझी पाळी होती. रजतने मशीन काढलं, म्हणाला, "आजी, कुठं जायचं?" मी म्हटलं, "कुठंच नाही, बाबा. तिकीट दे." पोरगं हसलं नाही. आधार कार्ड त्याने माझ्याच हाताने पिशवीतून काढू दिलं, घाई केली नाही. मग कागद हातात ठेवला. एवढासा, गुळगुळीत. मी बोट फिरवून पाहिलं, त्यावर काही हाताला लागत नाही.

फाट्यावर बसल्या बसल्या मनात येतं, आमच्या या पाच तासांचं काय रे? पण तू ते विचारू नकोस कोणाला. विचारलंस तर गाडी जाईल. मंगळवारी याच गाडीने गावातले दोघे-तिघे दवाखान्यात साडेनऊच्या आत पोचतात. मागच्या मंगळवारी लालीबाईच्या डोळ्याचं वेळेत कळलं. तेवढ्यासाठी बसायचं.

किसनसिंग डोळ्यात थेंब घालायला येतो, सुट्टीच्या दिवशी. त्याला वाटतं त्याने काहीतरी फेडलं. मी घालून घेते.

कालचं तिकीट सोबत पाठवतेय. निकिता म्हणते, ही शाई महिनाभरात उडते, मग कोरा कागद राहतो. तोवर बघून घे. त्यावर एक प्रवासी लिहिलंय म्हणे. ती मी.

तुझी,
ताई